आमच्या दारापुढील रस्ता

शहराची थोरवी सांगावयाची झाली म्हणजे आपण त्यांतील मोठमोठ्या गोष्टींचीं नांवें घेतों. नागपुरापुरतें बोलावयाचें तर सीताबर्डीचा किल्ला, अंबाझरीचा तलाव, दीक्षाभूमीचा स्तूप आणि २०१९ सालापासून डोक्यावरून धांवूं लागलेली मेट्रो हीं नांवें आपल्या जिभेवर असतात. परंतु आठ वर्षांच्या मुलाचें शहर ह्याहून फार लहान असतें. घराचें फाटक, शेजारचें कडुनिंबाचें झाड, कोपऱ्यावरचें किराण्याचें दुकान, नाली ओलांडण्याची फरशी आणि शाळेची बस थांबते ती जागा, एवढ्या शंभर-दीडशें पावलांत त्याचें सारें नगर सामावलेलें असतें. सत्तरी उलटलेल्या आजोबांची गोष्टही तीच. हा जो दारापुढील लहानसा रस्ता, तो निर्भय कसा होईल व तेथें घटकाभर उभें राहावेंसें कसें वाटेल, ह्याविषयीं तेथें राहणारे लोक काय म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें विचाराच्या कसोटीस कितपत उतरतें, हें ह्या लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

ह्या विषयास निमित्त असें झालें. गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस ‘माझ्या घरापुढील रस्ता’ हा निबंध दिला होता. अट एकच घातली होती. आपल्या कल्पनेनें एक ओळही लिहूं नये. घरांतील व शेजारचीं निदान पांच माणसें गांठावीं आणि प्रत्येकास दोन प्रश्न विचारावे. ह्या रस्त्यावर तुम्हांला भय कशाचें वाटतें? आणि ह्या रस्त्यावरील कोणती गोष्ट नाहींशी झाली तर तुम्हांला चुकल्याचुकल्यासारखें होईल? दुसरा प्रश्न मुलांना प्रथम विचित्र वाटला. परंतु उत्तरें वाचूं लागतां त्याचाच उपयोग अधिक झाला. कारण गाऱ्हाणें सांगावयास कोणीही तयार असतो. आपल्याला काय आवडतें हें मात्र कोणी विचारल्यावांचून माणूस सहसा सांगत नाहीं.

आमच्या शाळेंत सदर, गड्डीगोदाम, मोहननगर, इंदोरा, धरमपेठ, महाल अशा निरनिराळ्या भागांतून मुलें येतात, म्हणून उत्तरेंही निरनिराळीं आलीं. मातांना वाटणारें भय बहुतेक एकच होतें, भरधांव दुचाक्यांचें. आणि त्यांतील कित्येकींनीं प्रामाणिकपणें हेंही सांगितलें कीं, ह्या दुचाक्या उडविणारे कोणी परके नसून आपल्याच आळींतील, क्वचित् आपल्याच घरांतील चिरंजीव असतात! वृद्धांस वाहनांपेक्षां पडण्याचें भय अधिक. फुटलेलें नालीचें झाकण, उखडलेली फरशी, एकदम गुडघ्याएवढा उंच होणारा आणि तितकाच एकदम संपणारा पादपथ, ह्यांची त्यांनीं नांवनिशीवार यादी दिली. घरापासून दवाखान्यापर्यंत टेकावयास एकही जागा नाहीं, हें अनेकांचें दुःख होतें. मुलींच्या उत्तरांत अंधाराचा उल्लेख वारंवार आला. एका मुलीनें लिहिलें होतें कीं, तिची थोरली बहीण संध्याकाळच्या शिकवणीहून जवळची वाट सोडून लांबच्या वाटेनें घरीं येते. कारण लांबच्या वाटेवर एक बेकरी रात्रीं दहापर्यंत उघडी असते. ही एक ओळ मला पुष्कळ मोठमोठ्या अहवालांपेक्षां अधिक बोलकी वाटली. अमेरिकेंतील जेन जेकब्स ह्या विदुषीनें १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हेंच तत्त्व विस्तारानें मांडलें आहे. रस्त्यावरील निर्भयता पोलिसांच्या गस्तीपेक्षां तेथें सहज उपस्थित असणाऱ्या दुकानदारांच्या, रहिवाशांच्या व येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेमुळें टिकते, असें तिचें प्रतिपादन होतें. नववींतील मुलीच्या बहिणीनें तें पुस्तक पाहिलेंही नसेल. परंतु पायांनीं तिनें तेंच उत्तर दिलें.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत एक मौज झाली. एका बंगल्याच्या मालकांस कोपऱ्यावर बसणारी भाजीवाली ही रस्त्याची अडचण वाटत होती आणि ती तेथून हलवावी असें त्यांचें म्हणणें होतें. त्याच बंगल्यांतील आजीबाईंना, काय गेलें तर चुकल्यासारखें होईल, असें विचारलें तेव्हां त्यांनीं उत्तर दिलें, ‘ती भाजीवाली बाई. दिवसांतून माझ्याशीं दोन शब्द बोलणारी तीच.’ पितापुत्र, सासूसून, दुकानदार व गिऱ्हाईक ह्यांच्या उत्तरांत असे विरोध जागोजाग आढळले. दुकानदारास दारांत गाडी उभी करण्यास जागा हवी. पायीं चालणाऱ्यास तीच जागा मोकळी हवी. मुलांना क्रिकेटला अंगण हवें. ज्यांच्या खिडकीची कांच फुटते त्यांना तें नको. पानठेल्यावरची बैठक कोणास सोबत वाटते, कोणास धास्ती. मोकाट कुत्र्यांविषयीं तर बोलावयासच नको. त्यांना भिणारे व त्यांना भाकरी घालणारे एकाच घरांत निघाले. तेव्हां ‘लोकांना काय पाहिजे’ हा प्रश्न जितका सोपा दिसतो तितका तो नाहीं. सगळ्यांचें म्हणणें एकत्र मांडून त्यांतून वाट काढणें हेंच खरें काम आहे, आणि तें काम आपल्याकडे बहुधा कोणी करीत नाहीं.

आतां ह्या मतांपैकीं कांहींचा विचार करूं. पुष्कळ पालकांनीं असें सुचविलें कीं, रस्ता रुंद करावा, म्हणजे अपघात टळतील. हमरस्त्याच्या बाबतींत ह्यांत तथ्य असेल. वस्तीच्या रस्त्यास मात्र हें लागू पडत नाहीं. कारण रस्ता जितका सरळ, रुंद व मोकळा, तितकी चालकाची गति वाढते, आणि अपघातांत माणूस जगेल कीं मरेल हें मुख्यतः गतीवर अवलंबून असतें. हें गणित आमच्या विद्यार्थ्यांस सहज करतां येईल. ताशीं ३० किलोमीटर गति म्हणजे सेकंदास सुमारें ८.३ मीटर, ताशीं ५० म्हणजे सुमारें १३.९ मीटर. समोर मूल आलेलें दिसल्यापासून चालकाचा हात अथवा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातो, आणि तेवढ्या वेळांत वाहन पूर्वीच्याच वेगानें पुढें येत असतें. ब्रेक लागल्यावर कोरड्या व चांगल्या रस्त्यावर पहिलें वाहन आणखी सुमारें ५ मीटर जाऊन थांबेल. म्हणजे एकूण १३ मीटरांच्या आसपास. दुसरें वाहन त्या १३ मीटरांच्या खुणेपाशीं पोहोंचतें तेव्हां त्याच्या चालकाचा ब्रेक लागलेलाच नसतो! तें तेथून पूर्ण वेगानें जातें आणि एकूण सुमारें २८ मीटरांवर थांबतें. गति पावणेदोनपटही झाली नाहीं, परंतु थांबण्यास लागणारें अंतर दुपटीहून वाढलें. कारण ब्रेक लागल्यानंतरचें अंतर गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. तेराव्या मीटरावर मूल उभें आहे असें समजा, म्हणजे ह्या दोन आंकड्यांतील भेद काय आहे तें कळेल. भारतांत २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांत ३२ हजारांहून अधिक पायीं चालणारीं होतीं. गणिताचा हा तास फळ्यापुरता नाहीं तो ह्याकरितां.

गति कमी करावयाची म्हणतांच सर्वांच्या तोंडीं एकच उपाय येतो, गतिरोधक. तो मागण्यांत चूक नाहीं. परंतु आपल्या गल्ल्यांतून रहिवासी स्वतः वर्गणी काढून डांबराचे वा सिमेंटचे जे उंचवटे रातोरात घालतात, ते पाहिले म्हणजे भय वाटतें. ह्या बाबतींत शास्त्रशुद्ध माप ठरलेलें आहे. मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून पुढें १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था निघाली, आणि देशांतील रस्त्यांचीं मापें तीच ठरवीत आली आहे. तिच्या मापाप्रमाणें ताशीं सुमारें २५ किलोमीटर गतीनें ओलांडावयाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असावा. म्हणजे तो भिंतीसारखा नव्हे, तर कासवाच्या पाठीसारखा पसरट असावा. हातभर रुंदीचा व वीतभर उंचीचा उंचवटा वेगवान् मोटारीस फारसा जाचत नाहीं. जाचतो तो सायकलवरून दूध नेणाऱ्यास, ऑटोमधून दवाखान्यांत निघालेल्या गर्भवतीस, आणि आजोबांच्या पाठीच्या मणक्यांस. त्यावर पांढरे पट्टे नसले तर रात्रीं तोच अपघाताचें कारण होतो. रस्त्याचें तोंड जेथें मोठ्या रस्त्यास मिळतें तेथें कोपरा अरुंद करणें, झाडें व बांक अशा रीतीनें मांडणें कीं चालकास सरळ धांव घेतां येऊं नये, हे उपाय त्याहून सौम्य व अधिक गुणकारी आहेत. हॉलंडमधील डेल्फ्ट शहरांत ह्याच विचारानें वस्तीचे रस्ते अंगणासारखे करण्यास आरंभ झाला. तेथें वाहनानें पायीं चालणाऱ्याच्या गतीनें जावें असा नियम झाला, व १९७६ सालीं त्यास त्या देशांत कायद्याची मान्यता मिळाली.

नागपुरांतील निबंधांत सर्वांत अधिक शाई ज्या विषयावर खर्च झाली, तो म्हणजे सिमेंटचा रस्ता. ह्या शहरांत गेल्या कांहीं वर्षांत डांबराच्या जागीं सिमेंटचे रस्ते फार मोठ्या प्रमाणावर झाले. त्यास सबळ कारण आहे. आपल्या भागांतील काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरील डांबर दर पावसाळ्यांत उखडतें आणि खड्डे बुजविण्याचा खर्च कधीं संपत नाहीं. सिमेंटची जाड लादी हा भार अधिक चांगल्या रीतीनें पेलते व पुष्कळ वर्षें टिकते. हें सर्व मान्य करूनही रहिवाशांचें गाऱ्हाणें उरतेंच, आणि माझ्या मतें तें रास्त आहे. जुना रस्ता खोदून न काढतां त्यावरच नवी लादी घातली म्हणजे रस्ता वर येतो आणि घर खालीं जातें. वडिलांनीं बांधतांना जें जोतें रस्त्यापासून दोन फूट उंच ठेविलें होतें, तें नातवाच्या काळीं रस्त्याच्या पातळीखालीं जातें, आणि पाऊस पडला कीं रस्त्याचें पाणी ओसरींत येतें. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या कांहीं तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी ओसंडली, नाग नदीचें पाणी वस्त्यांत शिरलें, हें अनेकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. त्या पुराचें मूळ अतिवृष्टींत व तलावाच्या सांडव्यापुढील नदीच्या कोंडलेल्या वाटेंत होतें. तो दोष सगळाच सिमेंटच्या रस्त्यांवर ढकलणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु एरवींच्या साध्या पावसांत ज्यांच्या घरांत पाणी येतें, त्यांना हें उत्तर पुरें पडत नाहीं. नवा रस्ता करण्यापूर्वीं जुना थर काढावा, घरांच्या जोत्यांची पातळी आधीं मोजावी, आणि नाली आधीं व रस्ता मागून करावा, एवढी ही मागणी आहे. तींत शास्त्राविरुद्ध असें कांहीं नाहीं.

सिमेंटनें आणखी एक नुकसान होतें, तें झाडांचें. बुंध्याला लागून लादी ओतली म्हणजे मुळांना हवा व पाणी मिळत नाहीं, आणि आठदहा वर्षांनीं एखाद्या वादळांत झाड आडवें होतें; मग आपण वादळास दोष देतों. दिल्लींतील झाडांविषयीं राष्ट्रीय हरित लवादानें २०१३ सालीं आज्ञा केली कीं, प्रत्येक झाडाभोंवतीं एक मीटरपर्यंतचें सिमेंट काढून टाकावें. नागपुरास ह्या नियमाची गरज दिल्लीहून तिळभरही कमी नाहीं. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो त्या दिवसांत, सुंदर रस्ता कोणता असें कोणी विचारलें तर, ज्याच्या दोन्ही बाजूंस सावली आहे तो, हेंच उत्तर कोणीही नागपूरकर देईल.

येथें आपणां घरमालकांविषयींही दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. आपली मोटार घरांत चढावी म्हणून आपण फाटकापासून जो उतार बांधतों, तो पुष्कळदां पादपथ गिळून थेट रस्त्यावर उतरतो. प्रत्येकानें आपल्या दारापुढें असें केलें म्हणजे शेजारच्या मुलास दर वीस पावलांवर रस्त्यांत उतरावें लागतें. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणें पादपथावर चालावयास निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, व त्याची उंची १५ सेंटिमीटरहून अधिक नको. चांकाच्या खुर्चींतील दोन माणसें समोरासमोर आलीं तरी परस्परांस ओलांडून जाऊं शकतील, असा त्या रुंदीमागील हिशेब आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं टेप घेऊन मोजलें तेव्हां आपल्याच फाटकापुढें ही रुंदी किती उरली आहे हें पाहून कांहीं पालकांस संकोच वाटला, असें निबंधांवरून दिसतें.

रुंदीकरणाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे तो महालासारख्या जुन्या भागांत. गोंड राजा बख्त बुलंद शाह ह्यानें बारा खेडीं एकत्र करून हें नगर वसविलें आणि पुढें भोसल्यांच्या राजधानीनें तें वाढविलें. तेथील रस्ते माणसांकरितां, पालख्यांकरितां व बैलगाड्यांकरितां झालेले आहेत. केळीबाग रस्त्यासारख्या ठिकाणीं रुंदीकरणाकरितां घरें व दुकानें पाडावीं लागलीं, तेव्हां कोणाचें जुनें दुकान गेलें, कोणाची ओसरी गेली. रस्त्यास वाट हवी हें खरें, आणि ज्याची भिंत पडली त्याचें दुःखही खरें. अशा वेळीं शंभर वर्षांपूर्वींच्या एका स्कॉटिश पंडिताची आठवण होते.

ज्या स्कॉटलंडांतून १८४५ सालीं स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले, त्याच देशांत १८५४ सालीं पॅट्रिक गेडीस ह्यांचा जन्म झाला. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. एडिंबरोच्या जुन्या, कोंदट वस्तींत ते १८८६ च्या सुमारास सपत्नीक राहावयास गेले, आणि भिंतींस रंग देणें, आवारांत झाडें लावणें अशीं कामें शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनीं केलीं. १९१४ सालीं ते हिंदुस्थानांत आले व पुढें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांना पुढील शिक्षणास विलायतेस पाठविण्याकरितां निवडणारे तेच. शहर हें त्यांना एखाद्या सजीव वस्तूसारखें वाटे; म्हणून त्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं रोगनिदान करावें, आणि शस्त्र चालवावेंच लागलें तर तें जपून चालवावें, असें ते म्हणत. तंजावरास, म्हणजे आपल्या मराठी राजांच्याच दक्षिणेंतील राजधानींत, जुन्या वस्तींतून सरळ रुंद रस्ते काढण्याची योजना त्यांच्यापुढें आली. त्यांनीं गल्लीगल्लींतून पायीं हिंडून दाखवून दिलें कीं, मोडकळीस आलेलीं थोडीं घरें काढलीं, पडक्या जागा मोकळ्या करून तेथें झाडें लावलीं, आणि बाकीचीं घरें तशींच राखलीं, तर हवा व वाट दोन्ही मिळतात, लोक बेघर होत नाहींत, आणि खर्चही फार कमी लागतो.

त्यांची इंदूरची कथा तर मुलांना विशेष आवडेल. सन १९१७ च्या सुमारास होळकरांच्या इंदुरांत प्लेगनें कहर केला होता. गेडीस ह्यांनीं दिवाळीच्या मिरवणुकीची व्यवस्था आपल्याकडे मागून घेतली आणि दवंडी पिटविली कीं, मिरवणूक नेहमींच्या मार्गानें न जातां, ज्या भागांतील लोक आपलीं घरें व रस्ते अधिक स्वच्छ करतील त्या भागांतून जाईल. मग काय विचारतां! जो तो झाडूं लागला, भिंती सारवूं लागला, केरकचऱ्याचे गाडेच्या गाडे गांवाबाहेर गेले. मिरवणुकींत प्लेगच्या उंदराचें प्रचंड चित्र होतें. आणि ज्यांना एरवीं कोणी जवळ उभें करीत नसे ते झाडूवाले नवीं पांढरीं वस्त्रें व फुलांच्या माळा घालून मानानें चालत होते. पाठीमागें लक्ष्मीचा रथ होता, आणि लोकांस तुळशीचीं रोपें वांटण्यांत आलीं. त्या भागांत ह्यापूर्वीं हुकूम पोहोंचत होते. ह्या वेळीं निमंत्रण पोहोंचलें.

हें वाचून नागपूरच्या माणसास मारबतीची आठवण व्हावी हें साहजिक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं काळी व पिवळी मारबत निघते. ही रीत गेल्या शतकाच्याही पूर्वींपासून, म्हणजे सुमारें एकशें चाळीस वर्षें, चालत आली आहे. त्यांच्या मागून जे बडगे निघतात त्यांवर त्या त्या वर्षाचें दुखणें लिहिलेलें असतें. कधीं महागाई, कधीं लांचलुचपत, कधीं रस्त्यांतील खड्डे. सबंध वर्षाची ईडापीडा शहरांतून मिरवून शेवटीं जाळून टाकावयाची, असा तो सोहळा आहे. त्यांतील कांहीं समजुती मला, एक ख्रिस्ती शिक्षक म्हणून, आपल्या वाटत नाहींत. परंतु रहिवाशांचें मत भरचौकांत निर्भीडपणें मांडण्याची इतकी जुनी व इतकी जिवंत रीत फार थोड्या शहरांत असेल, हें मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. उणीव एवढीच कीं, बडगा जळतो आणि खड्डा राहतो. इंदूरच्या मिरवणुकींत उंदीर दाखविण्यापूर्वींच घरें झाडून झालीं होतीं.

रस्त्याचें सौंदर्य आणि रस्त्याची निर्भयता ह्या दोन निराळ्या गोष्टी मानण्याची आपणांस संवय आहे. जणूं पहिली कुंड्या व रंगीत दिवे लावून मिळते आणि दुसरी पोलिसांकडून. अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत डोनाल्ड अपलयार्ड ह्यांनीं १९६९ च्या सुमारास तीन सारख्या रस्त्यांवरील रहिवाशांस विचारपूस केली. एका रस्त्यावरून दिवसांत सुमारें दोन हजार वाहनें जात, दुसऱ्या टोकाच्या रस्त्यावरून सुमारें सोळा हजार. पहिल्यावर राहणाऱ्या माणसास त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. सोळा हजार वाहनांच्या रस्त्यावर सरासरी एकही पुरता नव्हता. वाहनें वाढलीं तसतशीं माणसें ओसरीवरून आंत गेलीं, मुलें अंगणांतून आंत गेलीं, आणि रस्ता कोणाचाच उरला नाहीं. जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथाचा आठवा अध्याय ज्यांनीं वाचला असेल, त्यांना ह्याचें नवल वाटणार नाहीं. उद्ध्वस्त यरुशलेम पुन्हां वसेल तेव्हां तें कसें दिसेल ह्याचें तेथें जें चित्र आहे, त्यांत तट नाहींत, बुरूज नाहींत; हातांत काठी घेऊन चौकांत बसलेलीं वृद्ध माणसें आहेत आणि खेळणाऱ्या मुलामुलींनीं भरलेले रस्ते आहेत. वृद्धांस बसवेल आणि मुलांस खेळवेल असा रस्ता, हें माप इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापांच्या जोडीस ठेवावयास हरकत नसावी. पुण्यानें ११ डिसेंबर २०२१ रोजीं गर्दीच्या लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग वाहनांस बंद करून पादचारी दिन पाळला. एका दिवसानें कांहीं होत नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु मोटार नसतां तो रस्ता कसा दिसतो हें हजारों माणसांनीं त्या दिवशीं पाहिलें, हेंही थोडें नव्हे.

पालकांचा शेवटचा प्रश्न व्यवहाराचा होता. हें सांगावयाचें कोणास? नागपूरची नगरपालिका १८६४ सालीं झाली, १९३६ च्या कायद्यानें सुधार प्रन्यास आला, १९५१ सालीं महानगरपालिका झाली. कोणता रस्ता कोणाच्या ताब्यांत आहे ह्याचा उलगडा करण्यांतच पुष्कळांचा उत्साह मावळतो. १ जून १९९३ पासून अमलांत आलेल्या घटनादुरुस्तीनें तीन लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असाव्या असें ठरविलें. म्हणजे रहिवाशांचें ऐकणें ही मेहेरबानी राहिली नाहीं. तरीही मार्च २०२२ मध्यें नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढें कांहीं वर्षें येथें प्रशासकाचाच कारभार होता, आणि त्या काळांत आपलें गाऱ्हाणें नेण्यास आपल्या प्रभागाचा माणूस उरला नाहीं. फेरीवाल्यांविषयीं २०१४ चा कायदा आहे. त्याप्रमाणें शहराच्या फेरीवाला समितींत किमान ४० टक्के सभासद फेरीवाल्यांचेच असावे लागतात. तेव्हां आजीबाईंच्या भाजीवालीस हलवावयाचें कीं तिला नीट जागा आंखून द्यावयाची, हा निर्णय तिला विचारल्यावांचून करतां येत नाहीं.

अर्ज कसा लिहावा हें आम्हीं वर्गांत शिकविलें, आणि तें पालकांसही उपयोगी पडेल. ‘आमच्या रस्त्याची दुर्दशा झाली आहे, तरी लक्ष द्यावें’ असें लिहिलेला अर्ज कोठेंही पडून राहतो. कोणत्या खांबावरचा दिवा बंद आहे त्या खांबाचा क्रमांक लिहावा. नालीचें झाकण कोणत्या घरापुढें फुटलें आहे व भगदाड किती लांबरुंद आहे तें मोजून लिहावें. शाळा सुटण्याच्या अर्ध्या तासांत किती मुलें रस्ता ओलांडतात तें मोजावें. आणि खालीं एकट्याची नव्हे, तर ज्यांचीं मतें परस्परविरुद्ध आहेत अशा शेजाऱ्यांचीही सही घ्यावी. अर्जाची नक्कल व पोंच जपून ठेवावी. नववीच्या मुलांनीं अशा रीतीनें दोन अर्ज केले. बेकरीच्या उलट दिशेच्या त्या जवळच्या वाटेवरील खांबाचा दिवा दोन महिन्यांनीं लागला. निबंध लिहिणाऱ्या मुलीची बहीण आतां कधीं कधीं त्या वाटेनें येते, परंतु पावसांत अजून येत नाहीं, कारण दुसरा अर्ज त्याच वाटेवरील नालीच्या झाकणाविषयीं होता आणि तें झाकण अद्याप बसावयाचें आहे. त्याची पोंच वर्गाच्या कपाटांत आहे. पुढील सत्रांत नवी नववी तिसरा अर्ज लिहील.